सक्तीची लष्करी सेवा: भाषणातली आणि हिशेबातली

झेंडावंदन आटोपलं की गावोगावच्या भाषणांत एक वाक्य हमखास येतं. "इस्रायलसारखं आपल्याकडंही प्रत्येक पोराला दोन वर्षं मिल्ट्रीत धाडलं पाहिजे, सगळे सुतासारखे सरळ होतील." टाळ्या पडतात, जिलेबी वाटली जाते आणि विषय पुढच्या २६ जानेवारीपर्यंत मिटतो. मागणीत वाईट काही नाही. पण करणाऱ्यानं तिचा हिशेब बहुधा मांडलेला नसतो. तो मांडला की दिसतं, की आपल्या सैन्याला माणसं मिळत नाहीत अशी अडचणच नाही. उलट सक्तीनं जे हाती येईल ते सांभाळायला सैन्याकडं ना जागा आहे, ना वेळ.

सक्ती एकच नसते, हे आधी समजून घेऊ. इस्रायल, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर इथं वय झालं की जवळपास सगळ्यांना जावं लागतं. इस्रायलमध्ये मुलांना ३२ महिने आणि मुलींना २४. कोरियात फक्त मुलांना, पायदळात १८ महिने. सिंगापुरात मुलांनाच, २ वर्षं. दुसरी तऱ्हा स्वीडन-नॉर्वेची. तिथं नोंद सगळ्यांची, मुलींचीही, पण तपासणी करून निवडकांनाच बोलावतात. स्वीडननं २०१० मध्ये सक्ती बंद केली आणि २०१७ मध्ये परत आणली. तिथं एका वयाच्या साधारण लाखभर मुलामुलींतून सात-आठ हजारच घेतले जातात. तिसरी तऱ्हा अमेरिकेची. प्रत्यक्ष सक्ती १९७३ मध्ये संपली, पण १८ ते २५ वयाच्या पुरुषांनी नाव नोंदवलंच पाहिजे हा नियम १९८० पासून पुन्हा लागू आहे. नाव नोंदवलं तरी बोलावणं येत नाही. तेव्हा "अमुक देशात सक्ती आहे" असं कोणी सांगितलं, तर आधी विचारा, यातली कोणती?

आपल्याकडं कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेच्या कलम २३ नं वेठबिगारी बंद केली. निजामाच्या राजवटीत वेठ काय होती ते मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात मात्र म्हटलंय, की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, फक्त धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे घटनेची आडकाठी नाही. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं मूलभूत कर्तव्यं घातली, त्यात "आवाहन केलं जाईल तेव्हा राष्ट्रसेवा करणं" हेही आहे. १९७२ साली डॉक्टर, इंजिनिअर अशा पदवीधरांना राष्ट्रसेवेसाठी बोलावता यावं म्हणून वेगळा कायदाही झाला. पण सामान्य तरुणाला सक्तीनं सैन्यात नेणारा कायदा स्वतंत्र भारतानं कधीच केला नाही. १९६२, १९६५, १९७१, १९९९, चारही वेळा लढले ते स्वखुशीनं भरती झालेले.

सक्तीच्या जवळपास आपण एकदाच गेलो होतो. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक करावी लागली आणि पुढच्याच वर्षी एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आली. आठवड्यातून काही तास परेड, एवढीच ती सक्ती होती. तीही पाच वर्षांवर टिकली नाही.

आता हिशेब

देशात दरवर्षी अंदाजे २ कोटी ४० लाख मुलंमुली १८ वर्षांची होतात. लष्कर आहे साधारण १२ लाखांचं. म्हणजे एका वर्षाची पोरं घेतली तरी आजच्या लष्कराच्या वीसपट माणसं बराकीत उभी राहणार, आणि पुढच्या वर्षी तेवढीच नवी दारात.

पैशाचं बघा. अग्निवीराला, म्हणजे चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या जवानाला, पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले आहेत, त्यातले ३० टक्के निधीत कापून ठेवले जातात. वर्षाचे झाले ३ लाख ६० हजार. गुणिले २ कोटी ४० लाख, म्हणजे ८ लाख ६४ हजार कोटी. देशाचं २०२५-२६ चं संपूर्ण संरक्षण बजेट ६ लाख ८१ हजार कोटींचं. विमानं, तोफा, पेन्शन, सगळं धरून. फक्त मुलं घेतली तरी पगारालाच ४ लाख ३२ हजार कोटी. "पगार कशाला, देशसेवा आहे, १० हजार द्या" म्हटलं, तरी मुलामुलींचे मिळून २ लाख ८८ हजार कोटी होतात. शिवाय यात गणवेश, बूट, जेवण, काडतुसं, बराक, दवाखाना यातलं काहीच धरलेलं नाही.

देशाचे आकडे डोळ्यांपुढून नुसते निघून जातात, म्हणून मराठवाड्याचं घेऊ. २०११ च्या जनगणनेत आठ जिल्ह्यांची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख होती. आजची वाढ धरून दरवर्षी १८ ची होणारी लेकरं मोटामोटी साडेतीन लाख. एका प्रशिक्षण केंद्रात एका वेळी ३,००० जण आणि सहा महिन्यांची एक बॅच धरली, तर एक केंद्र वर्षाला ६,००० जण बाहेर काढील. साडेतीन लाखांना ५८ केंद्रं लागतील. तालुक्यांची संख्या ७६, म्हणजे चार तालुक्यांपैकी तिघांत एकेक केंद्र.

आणि पाणी? शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. दिवसभर घामाघूम होणाऱ्या रिक्रूटला याहून कमी देऊन भागत नाही. ३,००० जणांच्या केंद्राला दिवसाला ४ लाख लिटर झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे एका केंद्राला रोज जवळजवळ तेवढी एक गाडी, आणि केंद्रं ५८. मे महिन्यात टँकर कुठून भरायचा यावरून जिथं भांडणं होतात, तिथं हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

माणसाला माणूस लागतो तो वेगळाच. रायफल चालवायला शिकवताना एका उस्तादाकडं दहा-बारा जणांपेक्षा जास्त देता येत नाहीत. गोळीबाराच्या वेळी बंदुकीची नळी कुठं फिरतेय हे प्रत्येकाच्या मागं उभं राहून बघावं लागतं. ५८ केंद्रांत एका वेळी पावणेदोन लाख रिक्रूट असतील, तर १५ हजार उस्ताद लागतील. ते येणार कुठून? सीमेवरच्या पलटणींतल्या अनुभवी हवालदारांना काढूनच. सक्तीचा पहिला फटका असा चालू सैन्यालाच बसतो, आणि भाषणात ही गोष्ट कधीच येत नाही.

एका वर्षात सैनिक किती दिवस कामाचा?

सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर. समजा मुदत एक वर्षाची ठेवली. ५२ आठवड्यांतले २४ प्रशिक्षणात गेले. महिन्याची रजा, म्हणजे आणखी ४. लडाखला किंवा सियाचीनकडं पाठवायचं तर थेट वर नेता येत नाही, विरळ हवेत फुप्फुसात पाणी भरून धडधाकट जवानही दगावतो. म्हणून टप्पे ठरलेले आहेत. ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १२ ते १५ हजारांवर ४ आणि त्याच्या वर आणखी ४. झाले २ आठवडे. मध्येच रजेवर खाली येऊन बरेच दिवस राहिला, तर परत जाताना यातलं काही पुन्हा. पलटणीत रुजू होणं, तैनातीच्या आधीचा सराव, शेवटी सामान जमा करून सुटीचे कागद हे सगळं वजा केलं, की हाती उरतात चारेक महिने. त्यातही तोफेचा, रणगाड्याचा, रेडिओचा किंवा ड्रोनचा माणूस चार महिन्यांत तयार होत नाही. तो कामाला येऊ लागतो तोच त्याची घरी जायची वेळ होते.

मग फिनलंड, इस्रायलला हे परवडतं कसं? त्यांना रोज पहारा देणारा सैनिक हवा असतो, पण त्याहून जास्त राखीव सैन्य हवं असतं. फिनलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, रशियाशी सीमा १,३४० किलोमीटर. तिथं मुलगा १६५, २५५ किंवा ३४७ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन घरी जातो आणि युद्ध झालं तर बोलावता येतील अशा २ लाख ८० हजारांत त्याचं नाव राहतं. इस्रायलची लोकसंख्या १ कोटीच्या घरात आणि क्षेत्रफळ मराठवाड्याच्या एक तृतीयांश. एवढ्याशा देशाला स्वखुशीच्या भरतीवर भागवता येणार नाही हे उघड आहे. आपल्याकडं २०२२ साली हवाई दलाच्या पहिल्या अग्निवीर भरतीत सुमारे ३,००० जागांना साडेसात लाख अर्ज आले. एका जागेला अडीचशे. रांगेत उभ्या असलेल्या २४९ जणांना परत पाठवायचं, आणि ज्याला यायचंच नाही त्याला धरून आणायचं?

कोण सुटणार?

सक्तीचा कायदा जगात कुठंही झाला, तरी त्याचा खरा जीव सवलतींच्या यादीत असतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेत कॉलेजात शिकणाऱ्याला मुदतवाढ मिळायची, त्यामुळं कॉलेज परवडणारे बरेच मागं राहिले. ओरड झाल्यावर १ डिसेंबर १९६९ ला जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढाव्या लागल्या. तुर्कस्तानात पैसे भरले की सहा महिन्यांची सेवा एका महिन्यावर येते. इस्रायलमध्ये स्थापनेच्या वेळी सुमारे ४०० धर्मविद्यार्थ्यांना सूट दिली होती. ती संख्या वाढत हजारोंवर गेली आणि जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला त्यांनाही भरती करा असं सांगावं लागलं. स्वित्झर्लंडनं निदान उघड भाव ठरवलाय. सेवा केली नाही तर करपात्र उत्पन्नाच्या ३ टक्के भरा.

आपल्याकडं काय होईल याचा नमुना फार लांब शोधायला नको. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यानं एक वर्ष ग्रामीण सेवा करायची, नाहीतर १० लाख भरायचे, असा बंधपत्राचा नियम राज्यात वर्षानुवर्षं होता. ज्यांना परवडलं त्यातल्या अनेकांनी पैसे भरून सुटका करून घेतली आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. लष्करी सक्तीत असा सरकारी भाव नसेलही. मग वैद्यकीय दाखल्यांचा भाव फुटेल.

जो सुटणार नाही त्याच्या घरी काय होईल ते बीड, धाराशिवच्या ऊसतोड कुटुंबात बघा. तोडणीचं माप कोयत्यावर असतं, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती जोडीवर, लाखभर, कधी त्याहून जास्त. दिवाळीच्या पुढंमागं टोळी निघते आणि उन्हाळा लागताना परतते. विशीतल्या पोराला नोव्हेंबरमध्ये बोलावणं आलं, तर कोयता मोडला. उचल मात्र अंगावर तशीच, आणि मुकादम काही "देशसेवेला गेलाय" म्हणून ती माफ करणार नाही. निम्मी रक्कम परत कर म्हणेल किंवा जागी धाकट्या भावाला आण म्हणेल. धाकटा शाळेत. शहरातल्या ज्या पोराला वडील दोन वर्षं क्लास लावून बसवून ठेवू शकतात, त्याचं या सक्तीत एक वर्ष जाईल. याचं अख्खं घर खाली येईल.

मुलींचा पेच आणखी अवघड आहे. इस्रायलमध्ये लग्न झालेल्या मुलीला सेवेतून सूट आहे. तशीच सूट आपण ठेवली, तर काय होईल? परभणी आणि बीडमध्ये २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून अधिकींची लग्नं १८ च्या आत झालेली आढळली, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले आकडे आहेत. तिथं सवलतीचं हे एक कलम लगीनघाईला आयतंच निमित्त देईल. आणि मुलींना वगळलंच, तर "सगळ्यांना सक्ती" या शब्दाला अर्थ राहत नाही.

शिस्तीचं काय?

पोरं सुधारतात हा सगळ्यात लाडका मुद्दा. यावर खरोखर तपासणी झालेली आहे. अर्जेंटिनात ओळखपत्राच्या शेवटच्या तीन आकड्यांवर सोडत काढून मुलांना बोलावत. त्यामुळं गेलेले आणि न गेलेले यांची सरळ तुलना करता आली. गेलेल्यांमध्ये पुढं गुन्ह्याची नोंद होण्याचं प्रमाण कमी नव्हे, जास्त निघालं. कमवायचं शिकायच्या वयातला वेळ गेला, हे त्याचं एक कारण मानलं गेलं. १९९४ मध्ये ओमार करास्को या नव्या भरतीच्या जवानाचा बराकीतच मारहाणीनं मृत्यू झाला आणि त्याच वर्षी ती सक्ती संपली. अमेरिकेतही सोडतीनं व्हिएतनामला गेलेल्या गोऱ्या सैनिकांची कमाई १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, न गेलेल्यांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी होती.

याचा अर्थ सैन्यात शिस्त लागत नाही असा नाही. लागते. पण जो स्वतः पहाटे चारला उठून पळायला जातो त्याला ती लागते, आणि अर्धी तर तिथंच लागलेली असते. अग्निवीर जनरल ड्यूटीच्या ग्राउंडला १,६०० मीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत मारले तर पैकीच्या पैकी ६० गुण, बीमवर १० पुलअप काढले तर ४०. साडेपाच मिनिटं म्हणजे ४०० मीटरच्या प्रत्येक फेरीला साडेब्याऐंशी सेकंद, चारही वेळा. आपल्याकडची बहुतेक पोरं हा सराव डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत करतात. पहिल्या महिन्यातच रोज पाच-सहा किलोमीटर ताणतात आणि नडगीचं हाड दुखायला लागलं तरी थांबत नाहीत. त्या दुखण्याकडं दुर्लक्ष केलं की हाडाला बारीक चीर जाते आणि सहा-आठ आठवडे बसून काढावे लागतात. मातीचा रस्ता, एक दिवसाआड पळणं आणि अंतर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त न वाढवणं, एवढ्यानं हे बरंचसं टळतं. सक्तीच्या केंद्रात आयुष्यात कधी न पळालेली पोरं थेट बूट घालून उभी राहतील, तेव्हा दवाखान्यातली गर्दी या नडग्यांचीच असेल.

मेडिकलचंही तसंच. उंची १६८ सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून ५ जास्त, किमान १४ डेंटल पॉइंट, म्हणजे दातांचे गुण. गुटख्यानं तोंड पुरतं उघडत नाही, सपाट पाय, गुडघ्याला गुडघा लागणं, कानातला मळ. शेवटचं एक सोडलं तर ऐनवेळी काही दुरुस्त होत नाही. म्हणून भरतीच्या सहा महिने आधी साध्या डॉक्टरकडून एकदा तपासून घ्यावं. पत्ता बीड, लातूर किंवा धाराशिवचा असेल तर भरती कार्यालय पुण्याचं लागतं, उरलेल्या पाच जिल्ह्यांना छत्रपती संभाजीनगरचं. अकॅडमीत हजारो भरूनही ही साधी गोष्ट कोणी सांगत नाही.

एक कमतरता मात्र खरी आहे, अधिकाऱ्यांची. त्यावर उपाय म्हणून संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं २०१८ मध्ये सुचवलं होतं, की ज्यांना राजपत्रित सरकारी नोकरी हवी त्यांना आधी पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करावी. सूचना तिथंच राहिली. अधिकाऱ्याची जागा माणसं नाहीत म्हणून रिकामी राहत नाही. अधिकारी निवडणाऱ्या पाच दिवसांच्या एसएसबी चाचणीतून फार थोडे पार पडतात म्हणून राहते, आणि पुढं चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवडे घालवावे लागतात. ही अडचण सोडवायची तर १९७७ पासून संभाजीनगरात चालणाऱ्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेसारख्या जागा वाढवायला हव्यात. नोकरी सांभाळून वर्दी घालायची असेल, तर १८ ते ४२ वयाच्या कमावत्या पदवीधराला प्रादेशिक सेनेचा रस्ता १९४९ पासून उघडा आहे.

तरीही कायद्याचा मसुदा उद्या आलाच, तर वरची देशभक्तीची प्रस्तावना सोडून थेट कलमांवर जा. कमाल मुदत लिहिली आहे का? इरिट्रियात कागदावर १८ महिने आहेत, प्रत्यक्षात लोक वर्षानुवर्षं अडकलेत, कारण "परिस्थितीनुसार वाढवता येईल" अशी सोय ठेवली. बोलावण्याचा महिना कोणता, पेरणीचा की तोडणीचा? अंगावर कर्ज किंवा उचल असेल तर वसुली तेवढा काळ थांबते का? कॉलेजातली जागा आणि नोकरी परत मिळण्याची हमी आहे का? बंदूक न उचलू इच्छिणाऱ्याला दुसरी सेवा आहे का, आणि किती जास्त काळ? जखमी झाला, दगावला तर किती? अग्निवीराला ४८ लाखांचा विमा आहे, त्याहून कमी असेल तर का? आणि सेवा संपल्यावर राखीव यादीत नाव किती वर्षं राहणार, हे शोधा. सिंगापुरात दोन वर्षं संपल्यावरही पुढची दहा वर्षं, वर्षाला ४० दिवसांपर्यंत बोलावता येतं, आणि हे कलम बहुधा मसुद्याच्या शेवटच्या पानांवर असतं.